पोटासाठी काढलेली चित्रे

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला दोनदा सांगितले आणि दोन्ही वेळा मी हसून वेळ मारून नेली. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. पुढे हातात पेन्सिल आली ती वाण्याच्या यादीपुरती आणि दुधाच्या हिशेबापुरती. तिसऱ्या वेळी मात्र त्या म्हणाल्या की, चित्रकलेच्या वर्गात तुम्ही जे शिकलात तेच लिहा. तेव्हा मला नाही म्हणवेना. कारण त्या वर्गात मला एका माणसाची ओळख झाली. तो होता फ्रान्स देशाचा आणि वारला १८६७ साली. पण गेले वर्षभर तो आमच्या माजघरात येऊन बसल्यासारखा मला वाटतो. त्याचीच हकीकत मला समजली तशी सांगते. चूकभूल भगिनींनी पोटात घालावी.

आधी ओळख कशी झाली ते सांगते. वर्गात वांगी, तांब्या, खलबत्ता असे सगळे काढून झाल्यावर बाईंनी घरातल्या एका माणसाचा चेहरा शिसपेन्सिलीने काढून आणायला सांगितले. दुपारच्या वेळी आमच्या घरात एका जागी बसलेले माणूस एकच, माझ्या सासूबाई. वय वर्षे ८१. तीन दुपारी खपून मी त्यांचा चेहरा काढला. सासूबाईंनी चष्मा लावून कागद जवळ घेतला, लांब धरला, आणि ही पिठाची बाहुली कोणाची म्हणून विचारले. वर ती बाहुली रागावलेली का आहे, असेही विचारले. मला फार वाईट वाटले. पण खोटे कशाला सांगू, चित्र तसेच झाले होते. सगळा चेहरा एकाच राखी रंगाचा, जणू चुलीच्या धुरातून पाहिलेला. डोळे कपाळात चढलेले, डोके चपटे, आणि ओठ घट्ट मिटलेले.

वर्गातल्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एक मोठे पुस्तक उघडून माझ्यापुढे ठेवले. त्यात शिसपेन्सिलीने काढलेली माणसे होती. कुणी टोपी हातात घेऊन उभा, कुणी बाई शाल पांघरून बसलेली. साधी पेन्सिल आणि पांढरा कागद, पण गाल मऊ वाटत होते आणि डोळ्यांत पाणी हलते आहे असे वाटत होते. ही चित्रे काढणाऱ्याचे नाव जाँ ऑगस्त दोमिनिक अँग्र. एवढे लांब नाव मला पाठ करायला आठवडा लागला. आपण त्याला नुसते अँग्र म्हणू.

अँग्रचा जन्म २९ ऑगस्ट १७८० रोजी दक्षिण फ्रान्समधल्या मोंतोबाँ या गावी झाला. सात भावंडांत हा थोरला. वडील मूर्ती घडवीत, चित्रे काढीत, घरांच्या भिंतींवर नक्षीकाम करीत. मिळेल ते काम घ्यायचे आणि प्रपंच चालवायचा, अशातले ते होते. आईला लिहिता वाचता जवळजवळ येत नव्हते. मुलाच्या हातात वडिलांनी लहानपणीच दोन वस्तू दिल्या, एक पेन्सिल आणि दुसरे व्हायोलिन. शाळेत घातले होते, पण फ्रान्समध्ये राज्यक्रांतीची धामधूम उडाली आणि १७९१ साली ती शाळाच बंद पडली. म्हणजे अकराव्या वर्षी त्याचे शाळेत जाणे संपले. आपण शिकलो नाही ही टोचणी त्याला जन्मभर राहिली असे म्हणतात. हे बाईंनी सांगितले तेव्हा मी मान खाली घालून पेन्सिलीला टोक करीत होते. मोठमोठ्या माणसांनाही ही टोचणी असते हे मला तेव्हा नवीनच कळले.

पुढे तुलूझ या शहरी त्याला चित्रकला शिकायला ठेवले. तेथे तो तेरा-चौदा वर्षांचा असल्यापासून वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवून चार पैसे मिळवीत असे. १७९७ साली तो पॅरिसला गेला आणि दावीद नावाच्या त्या काळच्या सर्वांत नामांकित चित्रकाराचा शिष्य झाला. १८०१ साली त्याने रोमला जाऊन शिकण्याचे मोठे सरकारी बक्षीस मिळवले. पण लढायांमुळे सरकारची तिजोरी रिकामी होती. बक्षीस मिळूनही प्रत्यक्ष जाण्यासाठी त्याला पाच वर्षे थांबावे लागले.

१८०६ साली तो रोमला निघाला. त्याचे लग्न ठरले होते आणि पॅरिसच्या प्रदर्शनात त्याची चित्रे लागली होती. तो रोमला पोचतो न पोचतो तोच, त्या चित्रांवर टीकाकारांनी झोड उठवल्याची बातमी तेथे पोचली. त्याचे मन असे दुखावले की, पॅरिसला परत जायचे नाही असे त्याने ठरवले. त्यामुळे ठरलेले लग्नही मोडले. १८१० साली सरकारी वेतन संपले तरी तो रोमलाच राहिला. तेव्हा रोमवर फ्रेंचांचा अंमल होता. तेथल्या फ्रेंच अधिकाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्या मंडळींची चित्रे काढून त्याचा गुजारा होत असे.

आता जो भाग सांगते तो आपल्या भगिनींना विशेष वाटेल. १८१३ साली त्याचे लग्न झाले, ते मुलीला न पाहता! रोममध्ये त्याच्या ओळखीच्या एका घरातील बाईने आपल्या नात्यातल्या मुलीचे नाव सुचवले. मुलीचे नाव मादलेन शापेल. फ्रान्समधल्या एका लहान गावात ती बायकांच्या टोप्या तयार करण्याचा व्यवसाय करून स्वतःचे पोट भरत होती. वय ३१. पत्रे गेली, पत्रे आली, आणि एवढ्यावर ती बाई देश सोडून, कधी न पाहिलेल्या माणसाशी लग्न करायला रोमला आली. दोघे प्रथम भेटले ते रोमच्या वेशीबाहेर, रस्त्यावर, असे सांगतात. आपल्या आज्यांची लग्ने अशीच झाली, पण त्यांच्याबरोबर निदान वऱ्हाड तरी असे. हिने एकटीने केवढे धाडस केले! आणि ते लग्न सुखाचे झाले. पुढची ३५ वर्षे तिने त्याचा संसार सांभाळला. अँग्र शीघ्रकोपी, लगेच मनाला लावून घेणारा. त्याला सावरून धरण्याचे काम तिचे. तिची कितीतरी चित्रे त्याने काढली आहेत. त्यांना एकच मूल झाले आणि तेही जन्मतःच गेले.

लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच संकट आले. १८१५ साली नेपोलियन कायमचा पडला. रोममधले फ्रेंच अधिकारी गाशा गुंडाळून निघून गेले होतेच. शेजारच्या नेपल्सच्या राणीकडून कामे मिळत होती, ती गादीही गेली. गिऱ्हाईक सगळे नाहीसे झाले आणि घरात चूल तर पेटलीच पाहिजे. तेव्हा अँग्रने पेन्सिल उचलली. लढाया थांबल्यामुळे आता इंग्लंडहून श्रीमंत प्रवाशांची रोममध्ये रीघ लागली होती. त्यांना घरी नेण्यासाठी आठवण हवी असे. रंगीत मोठे चित्र काढायला महिने जातात, पेन्सिलीचे चित्र एका दिवसात होते. सकाळी दीडेक तास माणसाला समोर बसवायचे, दुपारी त्याला आपल्याबरोबर जेवायला घालायचे, आणि जेवणानंतर पुन्हा दोन-अडीच तास बसवायचे, असा त्याचा परिपाठ होता असे सांगतात. जेवताना माणूस मोकळा होतो, आणि तेव्हा त्याचा खरा चेहरा दिसतो. ते जेवण कोण रांधत होते याचा पुस्तकात उल्लेख नाही.

ही चित्रे काढायला लागते याची अँग्रला लाज वाटत असे. त्याला व्हायचे होते इतिहासातले आणि पुराणातले मोठमोठे प्रसंग रंगवणारा चित्रकार. एकदा कोणी पाहुणा दाराशी येऊन, लहान चित्रे काढणारा मनुष्य येथेच राहतो काय, असे विचारू लागला. तेव्हा, येथे राहणारा मनुष्य चित्रकार आहे, असे सांगून अँग्रने त्याला वाटेला लावले, अशी गोष्ट सांगतात. पोटासाठी करायचे काम हे हलके काम, असे त्याच्या मनात होते. पण हात मात्र हलकेपणा करीत नव्हता. हीच मला त्याच्या चरित्रातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. मनात लाज असली तरी समोर बसलेल्या परक्या माणसाचे नाक त्याने कधी उरकून टाकले नाही.

आता ती चित्रे तो कशी काढीत असे, हे बाईंनी समजावले तसे सांगते. पहिली गोष्ट मापाची. आपण ब्लाऊज बेततो तेव्हा आधी माप घेतो आणि मग कात्री लावतो. चेहऱ्याचेही तसेच आहे. पेन्सिल हातात धरून हात ताठ पुढे करायचा, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवून समोरच्या माणसाचे माप घ्यायचे. बाईंनी माझ्या चित्रावर पट्टी ठेवून दाखवले. टाळूपासून हनुवटीपर्यंत डोक्याची जी उंची असते, तिच्या बरोबर मध्यावर डोळे येतात. आपल्याला वाटते की डोळे पुष्कळ वर आहेत, कारण बोलताना आपण डोळे, नाक, तोंड एवढेच पाहतो. कपाळ आणि केसांखालचे डोके आपण हिशेबातच धरत नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये साधारण आणखी एक डोळा मावेल एवढी जागा असते. अर्थात हे सर्वसाधारण झाले. प्रत्येक चेहरा यातून थोडाथोडा निराळा असतो, आणि तो जेवढा निराळा तेवढेच ते माणूस.

दुसरी गोष्ट छटांची. कागदाचा पांढरेपणा हा सर्वांत उजळ रंग आणि पेन्सिलीचा पुरता दाब हा सर्वांत गडद. या दोहोंच्या मध्ये जेवढ्या पायऱ्या तुम्ही चढाल उतराल, तेवढा चेहरा उठून येतो. माझ्या चित्रात एकच पायरी होती. काळे करायला मी भीत होते आणि कागद कोरा ठेवायलाही भीत होते. वर बोटाने सगळे चोळून ठेवले होते. अँग्रचे चित्र पाहिले तर गालावर जवळजवळ काहीच नाही, कोरा कागदच गाल झाला आहे. अगदी बारीक टोकाच्या फिक्या रेघांनी नाकाची बाजू आणि हनुवटीखालची सावली दाखवली आहे. खरे काळे फक्त मोजक्या ठिकाणी आहे. डोळ्यांच्या बाहुलीत, नाकपुडीत, दोन ओठांच्या मिटल्या रेघेत, केसांच्या खोल भागात. आमटीत मीठ सगळीकडे लागते पण मूठभर घालत नाही, तसे हे. अंगावरचा कोट किंवा झगा तर नुसत्या भरभर ओढलेल्या रेघांत आटोपला आहे, म्हणजे पाहणाऱ्याची नजर चेहऱ्यावरच येऊन थांबते. आणि मागे रोम शहराचे घुमट काढलेच, तर ते इतक्या फिक्या रेघांत की, दूर आहेत हे न सांगता कळते.

हे साधायला पेन्सिलही तशी लागते. त्याचीही एक गोष्ट आहे. पूर्वी चांगले ग्राफाइट इंग्लंडच्या खाणीतून येत असे. लढाईमुळे ते फ्रान्समध्ये मिळेनासे झाले. तेव्हा १७९५ साली कोंते नावाच्या फ्रेंच माणसाने ग्राफाइटची पूड चिकणमातीत कालवून, तिच्या कांड्या भट्टीत भाजून पेन्सिली केल्या. माती जास्त घातली की पेन्सिल कडक आणि फिकी, कमी घातली की मऊ आणि काळी. आज दुकानात आपण एच्‌बी, टू बी, फोर बी अशा पेन्सिली मागतो, त्यांचे मूळ या युक्तीत आहे. आपल्याकडे भाकरीच्या पिठात पाणी किती यावर सगळे असते, तसाच हा प्रकार.

पुढची हकीकत थोडक्यात सांगते. १८१९ साली अँग्रने पॅरिसच्या प्रदर्शनात एक मोठे रंगीत चित्र पाठवले. पाठमोऱ्या स्त्रीचे ते चित्र. टीकाकार म्हणाले की, तिच्या पाठीच्या कण्यात तीन मणके जास्त आहेत. माप ज्याच्या हाडीमाशी मुरले होते त्यालाच मापावरून बोल लागला! त्याला माप कळत नव्हते असे नव्हे. पाठीची रेघ लांब आणि डौलदार हवी म्हणून त्याने ती तशी ओढली होती. त्याच वर्षी त्याने पागानिनी या जगप्रसिद्ध व्हायोलिनवादकाचे पेन्सिलीने चित्र काढले. ते आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

१८२० साली दोघे नवराबायको फ्लॉरेन्सला राहायला गेली. शेवटी १८२४ साली एका मोठ्या धार्मिक चित्रामुळे पॅरिसने त्याला डोक्यावर घेतले. तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. मानमरातब मिळाला, शिष्य जमले. पुन्हा एकदा टीकेने दुखावून तो १८३५ साली रोमला गेला, पण या वेळी ज्या संस्थेत विद्यार्थी म्हणून राहिला तिचाच संचालक होऊन. १८४१ साली परतला तेव्हा पॅरिसमध्ये चारशेहून अधिक माणसांनी त्याच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. १८४९ साली मादलेन वारली. तो इतका खचला की, काही काळ त्याच्याने काम झाले नाही. १८५२ साली, ७१ वर्षांचा असताना, त्याने दुसरे लग्न केले. १४ जानेवारी १८६७ रोजी ८६व्या वर्षी तो वारला. आपली चार हजारांहून जास्त रेखाटने आणि ते लहानपणचे प्रेम, व्हायोलिन, त्याने आपल्या जन्मगावाला देऊन टाकले. फ्रेंच भाषेत एखाद्याच्या आवडीच्या छंदाला अँग्रचे व्हायोलिन म्हणण्याची रीत आहे.

बरे दिवस आल्यावर त्याने पैसे घेऊन पेन्सिलीची चित्रे काढणे सोडले. पण पेन्सिल सोडली नाही. पुढे तो स्नेह्यासोबत्यांचे चेहरे काढी आणि त्यांना भेट देई. पोटासाठी शिकलेला हात प्रेमासाठी चालू राहिला. त्याची माणसांची साडेचारशेच्या आसपास पेन्सिलचित्रे आज माहीत आहेत. ज्या भव्य पौराणिक चित्रांवर त्याने नाव व्हावे अशी आशा ठेवली होती, त्यांच्यापुढे आज कित्येक पाहणारे थोडे थांबून पुढे जातात, आणि त्या लहान कागदांपुढे रेंगाळतात, असे बाई म्हणाल्या. मीही त्यांतलीच एक.

आता माझ्या चित्राकडे येते. बाईंच्या सांगण्यावरून मी आधी एका कागदावर पाच चौकोन आखले. पहिला कोरा, शेवटचा काळाकुट्ट, आणि मधल्या तीन पायऱ्या. हे साधायलाच दोन दिवस गेले. मग सासूबाईंना जेवायला वाढले, माझेही ताट शेजारी घेतले, आणि जेवताना त्यांच्याकडे पाहत राहिले. बावीस वर्षे मी त्यांना वाढते आहे, पण वाढताना माझे लक्ष ताटाकडे असते. दुपारी त्यांना खिडकीशी बसवून हात ताठ करून मापे घेऊ लागले, तेव्हा मला एक गोष्ट दिसली. नाकापासून हनुवटीपर्यंतचे अंतर मी धरले होते त्याहून पुष्कळ कमी भरले. दात गेल्यामुळे ओठ आत ओढले गेले आहेत आणि हनुवटी वर आली आहे. ते ओठ रागाने मिटलेले नव्हतेच. नवी नवरी असताना त्यांचे जे तोंड मी भीतभीत पाहिले होते, तेच मी इतकी वर्षे मनात धरून बसले होते आणि कागदावरही तेच उतरवले होते. डोळे बारीक करून पाहिले तेव्हा कपाळावरची आठीसुद्धा तेवढी काळी नव्हती. खरी सावली डोळ्यांखाली होती. मी पाच चौकोनांचा कागद शेजारी ठेवून ती सावली चौथ्या पायरीची केली आणि आठी दुसऱ्या पायरीवर आणली. गाल कोरे ठेवले.

चित्र पुरे झाल्यावर मी ते भीतभीतच त्यांच्या हाती दिले. त्यांनी बराच वेळ पाहिले. मग नाक त्यांच्या आईचे आले आहे असे म्हणाल्या. त्यांच्या आईचा फोटो कोणी काढलेला नव्हता. ती कशी दिसत होती हे मला त्या दिवशी प्रथम कळले, आणि ती कशी होती हेही, कारण त्या संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत सासूबाई तिच्याविषयी बोलत बसल्या. एवढे सलग त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. आमटी थोडी खाली लागली, पण ह्यांनी त्याबद्दल काही म्हटले नाही.

भगिनींनो, मी काही चित्रकार झाले नाही आणि होणारही नाही. त्या चित्रात अजून डावा कान चुकलेला आहे. पण दिवसभरात आपण जी कामे करतो ती पोटासाठी, घरासाठी, म्हणून हलकी समजतो. अँग्रही तसेच समजत होता. काम कशासाठी केले हे पुढे कोणी विचारीत नाही, ते करताना किती निरखून पाहिले तेवढे त्यात उतरते, असे मला त्याच्या चरित्रावरून वाटू लागले आहे.

चित्रकलेचा वर्ग दर गुरुवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या सभागृहात असतो. येताना एक एच्‌बी, एक फोर बी आणि खोडरबर आणावे. घरात कोणी वडील माणूस असेल तर त्यांचा चेहरा काढण्याचे पुढे ढकलू नये.